डावीकडची आयाळ

घोडीची आयाळ मी कापली. घरातल्या कात्रीनं, सकाळी सहा वाजता, आंघोळीच्याही आधी. आणि चार तासांनी दौंडच्या मैदानावर शे-दीडशे माणसांसमोर मी सांगितलं, की ती एका म्हाताऱ्या माणसानं कापली. पुढं जे लिहितो आहे ते त्या माणसाबद्दल आहे. पण हे आधी सांगितलं नाही, तर मागाहून केलेलं कौतुक म्हणजे दुसरी लबाडी होईल.

सगळे त्यांना आप्पा म्हणत. इनामगावच्या बाजूला, घोड नदीच्या अलीकडं, त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. शिरूर आणि दौंड तालुक्यांत ज्यांच्या दारात शौकाचा घोडा आहे, त्यातले बहुतेक जण प्रदर्शनाच्या आधी आप्पांना बोलवत. खरारा, नाल, चाल, चंदी, यातलं ते काहीच करत नसत. ते फक्त आयाळ करत.

मी रांजणगावला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. वीस वर्षं मी पार्ट मोजतो. केसभर फरक दिसला तर पार्ट बाजूला टाकायचा, हेच माझं काम. चाळिशी उलटल्यावर घोडं पाळायची हौस आली आणि एका बाजारातून मी घोडी घेतली. चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. "पंचकल्याणी हाय, डोळे झाकून घ्या," असं व्यापारी म्हणाला, आणि मी खरोखरच डोळे झाकून घेतली. तिची आयाळ बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. घरी आणून बांधल्यावर रोज ती समोर दिसायला लागली. कानामागची आयाळ उजवीकडं पडलेली, खांद्याजवळची डावीकडं, आणि मध्ये वीतभर जागेत केस आखूड, कुंच्यासारखे उभे. मला ते सहन होईना. ड्यूटीवर असतानासुद्धा ती वीतभर जागा डोळ्यांपुढं यायची.

आप्पा पहिल्यांदा आले ते न्हावऱ्याच्या एसटीनं. अंगात बंडी, डोक्याला मळकं मुंडासं, खांद्याला कापडी पिशवी. मी नाव सांगायला लागलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"पानी कुठलं पितीय?"

"बोअरचं."

"खारं हाय?"

"थोडंसं."

"मंग केस राठ व्हनारच," ते म्हणाले. मग त्यांनी चंदीची रिकामी बादली पुढं केली. "मोबाईल टाका ह्यात. बाईंचाबी आना."

फोन वाजला की जनावर दचकतं, आणि दचकलं की हातातले केस मुळासकट येतात, हे त्यांनी नंतर कधीतरी सांगितलं. त्या वेळी मी आणि माझी बायको नुसते बादलीकडं बघत राहिलो. पुढं दोन महिने, आप्पा आले की आमच्या घरातले सगळे फोन बादलीत जात आणि बादली कडब्याच्या गंजीमागं. एकदा आमच्या कंपनीतून शिफ्टसाठी सात फोन येऊन गेले. मी कुरकुर केली, तर म्हणाले, "कंपनी काय दचकत न्हाई."

त्या दिवशी ते घोडीभोवती दोनदा फिरले. मग डाव्या बाजूनं आयाळीखाली हात घातला आणि तिथंच ठेवला. नाडी बघताना वैद्य दुसरीकडं बघतो तसे ते कुंपणाच्या तारेकडं बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी हात काढला आणि बंडीला पुसला.

"डावीकडं पाडू," ते म्हणाले.

"उजवीकडं पाहिजे आप्पा. रिंगणात उजवीकडं लागते. मी सगळे व्हिडिओ बघितलेत."

"मंग व्हिडिओतल्या घोड्यांची उजवीकडं पाडा की."

"अहो, पण डावीकडं का?"

"तिची मर्जी तिकडं हाय."

याहून जास्त त्यांनी काही सांगितलं नाही. मला वाटलं, म्हातारा हेकट आहे. तसे ते होतेच.

त्यांच्या पिशवीत कात्री नव्हती. शिंगाची एक फणी, चुलीतल्या राखेची पुडी आणि मेंढीच्या लोकरीचं सूत, एवढंच. आधी घोडीला फेऱ्या मारून घाम आणायचा, कारण अंग तापलं की केस सैल सुटतो. मग बोटांना राख लावून दाट जागेतले खालचे केस, एका वेळी दोन-तीन, अंगठा आणि पहिल्या बोटात धरून ते हलकेच ओढून काढत. दिवसाला एका मुठीपेक्षा जास्त नाही. मूठ भरली की थांबत, मग मी कितीही विनवण्या करो. "उद्या तिलाबी मान हालवायचीय," म्हणत. उरलेले केस ओले करून, फणीनं डावीकडं विंचरून, त्यांचे बारीक बारीक पेड घालत आणि लोकरीच्या सुतानं बांधत. दोऱ्यानं केस तुटतो, लोकर केसाशी भांडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पेडांना खालून वजन लागतं. त्यांनी मला फर्मावलं, "कंपनीतनं कायतरी जड आना. समदी एका वजनाची पायजेत." मी साहेबांची परवानगी काढून रिजेक्ट झालेले बारा नट आणले. आप्पांनी एकेक नट तळहातावर घेतला, जरासा वरखाली केला आणि दोन मला परत दिले. "ह्ये हलकं हायत." मी हसलो. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये काट्यावर टाकले, तर ते दोन्ही दीड ग्रॅमनं कमी भरले. त्या दिवशी तरी मला कळायला हवं होतं, की या माणसाच्या हाताला जे लागतं ते माझ्या डोळ्यांना दिसत नाही. मी ती गोष्ट कॅन्टीनमध्ये गंमत म्हणून सांगितली आणि सोडून दिली.

हा हात त्यांना मिळाला होता तो प्रदर्शनांतून नाही. त्यांच्या वडलांचं मेंढरांचं खांड होतं. दिवाळीनंतर सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून ते घाट उतरून कोकणात जात. घोड्यावर चूल, भांडी, कोकरं, तान्ही पोरं, आणि वरून दोरी आवळलेली. त्या दोरीखाली आयाळीचा केस गुंतला तर कातडी सोलते, जखम होते, आणि अर्ध्या वाटेत घोडं बसलं तर अख्खं बिऱ्हाड बसतं. म्हणून आयाळ एका बाजूला पाडायची. आप्पा लहानपणापासून तेच करत आले. मेंढरं गेली, थोडी जिरायत आली, मुलगा पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. हात तेवढा राहिला. "दिसायला बरं म्हनून कुनी आयाळ पाडतं, ह्ये मला लई उशिरा कळलं," असं ते म्हणत, आणि त्यात आमच्यासारख्यांना मारलेला टोमणा असे.

माणसांशी ते दोन शब्द बोलत. घोडीशी मात्र भरभरून. "बाई, आज एसटी पाऊन तास उशिरा आली. कंडक्टर नवा हाय, उतरायचं गाव इचारतो आन् तिकीट भलतंच देतो. तुज्या मालकिनीनं आज कांदं वाळत टाकल्यात, तिकडं तोंड घालू नगं." तालुक्यात कुठं बिबट्या दिसला, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कोण सरपंचाला उभं राहणार, सगळं घोडीला कळे. माझी बायको स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून ऐकायची. मला म्हणायची, "आपल्या घरात बातम्या फक्त तिलाच कळतात."

त्यांच्या हेकटपणाची एक गोष्ट तिकडं सगळ्यांना माहीत आहे. एका मोठ्या बागायतदारानं मुलाच्या लग्नासाठी पांढरा घोडा आणला होता. आयाळ सोनेरी रंगवून हवी होती. आप्पांनी रंगाचा डबा हुंगला, लांब सारला आणि ते पेड घालायला लागले. निम्मी मान झाली तेव्हा त्या घरातलं कुणीतरी तो डबा आणि ब्रश घेऊन आलं. आप्पा उठले, फणी पुसली आणि चालायला लागले. बागायतदार मागून ओरडला, "आप्पा, निम्मंच झालंय." आप्पा म्हणाले, "तुमाला निम्मंच जमनार हाय." निम्मे पेड आणि निम्मी मोकळी आयाळ घेऊन तो घोडा वरातीत नाचला. बागायतदार चिडला, पण पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा आप्पांनाच बोलावलं. कारण आप्पांनी हात लावलेला घोडा म्हणजे त्यात लबाडी नाही, असं सगळे धरून चालत. बाजारात घोडा विकताना माणसं सांगत, आप्पांच्या हातचा आहे. त्यांची पत होती ती एवढीच, आणि त्यावरच त्यांना बोलावणी येत.

दोन महिन्यांनी माझ्या घोडीची आयाळ डावीकडं पडली. सगळी नाही. मधली वीतभर जागा अजून आखूडच होती, पण आता उभी नव्हती, बाकीच्या केसांबरोबर कललेली होती. प्रदर्शन आठ दिवसांवर आलं.

"तेवढी जागा राहिलीच की आप्पा."

"राहू द्या. पंचाला दिसंल, केस वाढतोय. वाढत्या केसाला कोन नाव ठेवतं?"

"मी साहेबांना बोलावलंय. फॅमिलीसकट येणार आहेत."

"सायेबाला आयाळ हाय का?" त्यांनी विचारलं आणि पेड सोडायला घेतले.

प्रदर्शनाच्या सकाळी मी लवकर उठलो. आप्पा थेट दौंडला येणार होते. घोडी उजेडात बांधली, लांब जाऊन बघितली, आणि ती वीतभर जागा मला पहिल्या दिवसासारखी टोचायला लागली. मोबाईलवरच्या सगळ्या घोड्यांची आयाळ उजवीकडं होती. मला वाटलं, पाणी आणि जेल लावून उजवीकडं वळवली तर आखूड जागा झाकली जाईल. वळवली. ती पुन्हा डावीकडं पडली. दोन महिने तिला तेच शिकवलं होतं. मग मी कात्री आणली. डाव्या बाजूचे खालचे केस जरा कमी केले तर वजन हलकं होईल, एवढाच विचार. एक घास जास्त कापला गेला. तो सारखा करायला शेजारचा कापला. तो सारखा करायला त्याच्या शेजारचा. तासाभरानं डाव्या बाजूला मानेच्या कडेनं आखूड, पायऱ्या पायऱ्यांची पट्टी उरली आणि उजवीकडं चार ओल्या बटा. त्या पट्टीखाली केसांचा एक लांबट भोवरा होता, सरळ खाली खांद्याकडं गेलेला. मी तो बघितला. वाटलं, केस असेच उगवत असतील. मी त्याच्यावरून ब्रश फिरवला.

दौंडच्या मैदानावर पिकअपमधून घोडी उतरवली तेव्हा आप्पा फाटकाशी उभे होते. त्यांनी मानेकडं बघितलं. ते डाव्या बाजूला आले आणि त्यांनी आपला पंजा त्या भोवऱ्यावर ठेवला. फाटकापासून रिंगणाच्या दोरीपर्यंत ते तसेच चालले, गर्दीतून, हात मानेवर ठेवून. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा लाडानं चालला आहे.

दोरीशी ते थांबले. आत फक्त धरणारा एक माणूस जातो.

"सायेब, आज परत न्या तिला."

"काय झालं?"

"पोटात दुखतंय तिच्या."

घोडी मजेत उभी होती. आप्पांना खोटं बोलताना मी तेवढंच एकदा ऐकलं. पलीकडं मंडपात आमचे साहेब बसले होते, त्यांची लहान मुलगी हात हलवत होती. मी म्हणालो, "हात काढा आप्पा." त्यांनी हात काढला.

पंच बाहेरून आलेले होते, वयस्कर, शांत. उजव्या बाजूनं बघून झाल्यावर ते डावीकडं आले आणि थांबले. दुसऱ्या पंचाला त्यांनी नुसत्या नजरेनं बोलावलं. दोरीशी उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "सापीण हाय की रं हिला." आणि तो शब्द रिंगणाच्या कडेनं फिरत गेला. मला अर्थ तिथं उभ्या उभ्या कळला. मानेवर असा लांबट भोवरा, तोंड स्वाराकडं केलेला, त्याला सापीण म्हणतात. ज्याच्या दारात ती घोडी, त्याच्या घरात माणूस राहत नाही, अशी समजूत. शिकलेली माणसंसुद्धा अशी घोडी फुकट घेत नाहीत. माणसं मोबाईल वर धरून आमचं चित्रण करायला लागली.

पंच माझ्याजवळ आले. "भोवऱ्याचे गुण आम्ही कापत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पण ही आयाळ कुणी कापली?"

"उंदरानं," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. साहेब मंडपातून उठून दोरीपर्यंत आले होते. त्यांनी विचारलं, "काय हो, काय झालं?"

मी दोन वाक्यं बोललो. मोठ्यानं बोललो. "ही आयाळ या आप्पांनी कापली. आणि हा माणूस त्या व्यापाऱ्याचा आहे, म्हणून दोन महिने माझ्यापासून भोवरा लपवला."

पहिलं वाक्य खोटं होतं. दुसरं मी त्याच क्षणी जुळवलं. आप्पांनी त्या व्यापाऱ्याचं तोंडही बघितलेलं नव्हतं.

गर्दीत तो बागायतदार होता. त्यानं विचारलं, "आप्पा, भोवरा माहीत होता तुम्हाला?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

कात्रीबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही. त्या एका "व्हय"नं माझी दोन्ही वाक्यं खरी ठरली. आप्पांनी पिशवी खांद्याला लावली. जाताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "उन्हात उभी हाय ती. सावलीला घ्या." आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले.

ते चित्रण संध्याकाळपर्यंत दोन्ही तालुक्यांत पोचलं. त्यात माझा आवाज स्पष्ट ऐकू येतो. आप्पांचं "व्हय"ही ऐकू येतं. त्या हंगामात त्यांना कुणी बोलावलं नाही, त्याच्या पुढच्या हंगामातही नाही. दौंडकडं एक सलूनवाला मशीन घेऊन घोड्यांच्या आयाळी करायला लागला.

महिन्याभरात माझे वडील बाथरूममध्ये घसरले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. आई अंथरुणाशी बसून एकच बोलत राहिली, "ती घोडी काढ." बायको म्हणाली, "फरशी ओली होती, घोडीचा काय संबंध?" मीही तेच म्हणायला हवं होतं. मी एका व्यापाऱ्याला बोलावलं आणि तो म्हणेल त्या भावाला घोडी दिली. नेताना ती पिकअपमध्ये चढेना. आयाळ तोवर थोडी वाढली होती, आणि जिथं वाढली होती तिथं डावीकडं पडत होती.

वर्षभरानंतर एका सकाळी कंपनीच्या बसमधून जाताना रांजणगावात एका कारखान्याच्या गेटजवळ मला आप्पा दिसले. हिरवळीवर उकिडवे बसून तण काढत होते. शेजारी चार बायका खुरप्यानं काढत होत्या. आप्पांच्या हातात खुरपं नव्हतं. अंगठा आणि पहिलं बोट, एका वेळी दोन-तीन पाती, हलकेच ओढून, मुठीत. मूठ भरली की बाजूला ठेवून पुढची. बस सिग्नलला पुरती तीन मिनिटं उभी होती. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

पुढचे सहा महिने मी बसमध्ये दुसऱ्या बाजूला बसत होतो. मग एका रविवारी इनामगावला गेलो. आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, पाणी आणून दिलं, तेवढंच. मी सगळं सांगितलं. कात्री, सकाळ, साहेब, सगळं. त्यांनी मध्ये थांबवलं.

"मला कशाला सांगताय? मी कापली न्हाई, ह्ये मला ठावं हाय."

मी विचारलं, "भोवरा मला सांगितला का नाही तुम्ही?"

"सांगितला असता तर आठ दिसांत इकली असती तुमी. सापिनीची घोडी कोन ठेवतंय? एका हातातनं दुसऱ्या हातात. शेवटाला ईटभट्टीवर. सापीन झाकलेली व्हती, घोडी तुमच्या दारात खाऊन पिऊन बरी व्हती. तुमाला कळलं नसतं तर तुमाला कायबी झालं नसतं." मग त्यांनी विचारलं, "कुठं हाय ती आता?"

"माहीत नाही आप्पा. व्यापाऱ्याला दिली."

त्यांनी मान फिरवली आणि नदीच्या बाजूला बघत राहिले. काकू आतून म्हणाल्या, "बास करा आता. जाऊ द्या त्यांना." मी उठलो, त्यांच्या पायांशी वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"जितं बोललात तितं बोला," ते म्हणाले. "हितं काय? हितं कुनी ऐकाया न्हाई."

त्या वर्षीच्या प्रदर्शनाला मी गेलो नाही. सेकंड शिफ्ट होती. बदलून मिळाली असती. मी मागितली नाही. पावसाळ्यात आप्पांना लकवा झाल्याचं कळलं. उजवा हात गेला. अंगठा आणि पहिलं बोट आता जुळत नाहीत, भाकरीचा तुकडासुद्धा काकू मोडून देतात. म्हणजे आता त्यांचं नाव धुऊन निघालं तरी त्या नावावर त्यांना काही मिळणार नव्हतं. आणि मधल्या काळात मी हेच करत होतो: आता काय उपयोग, असं म्हणून स्वतःला सोडवत होतो. बायकोनं एकदा शांतपणे विचारलं, "उपयोग त्यांना व्हावा म्हणून बोलायचंय, की खरं आहे म्हणून?"

या वर्षी मी दौंडला गेलो. जाण्याआधी इनामगावला जाऊन आप्पांना सांगितलं, चला म्हणालो, गाडी आणली आहे. "मी यिऊन काय करू?" ते म्हणाले. शब्द जड झाले आहेत, पण कळतात. "माजं तितं काम न्हाई."

मैदान तेच होतं, माणसंही बरीचशी तीच. बागायतदार पुढच्या खुर्चीत होता. सलूनवाला मशीनला वायर जोडत होता. दोन गटांच्या मधल्या वेळात मी मंडपात गेलो आणि निवेदकाकडं माईक मागितला. त्याला वाटलं, मला बक्षीस लावायचं आहे. "बोला ना पाव्हणं, कोणत्या गटाला?" म्हणत त्यानं माईक दिला. मी जे बोललो ते मला शब्दानं शब्द आठवतं, कारण आधी महिनाभर मी ते कागदावर लिहून खिशात घेऊन फिरत होतो, आणि ऐनवेळी कागद काढलाच नाही.

"दोन मिनिटं ऐका. बक्षीस नाही. तीन वर्षांमागं इथं एक पंचकल्याणी घोडी आली होती, सापिणीची. ते चित्रण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मोबाईलमध्ये असेल. त्यात मी म्हणतोय, की आयाळ इनामगावच्या आप्पांनी कापली. ती मी कापली. आप्पांच्या पिशवीत कात्री कधीच नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही माझं ऐकलं. पण तुमचा दोष नाही, मी मोठ्यानं बोललो होतो. मी असंही म्हणालो, की ते व्यापाऱ्याचे माणूस आहेत. ते मी तिथल्या तिथं बनवून सांगितलं. भोवरा त्यांनी लपवला, हे खरं आहे. घोडी माझ्या दारात सुखात राहावी म्हणून लपवला. मी ती पुढं विकली, आता ती कुठं आहे मला सांगता येत नाही. मी खोटं का बोललो, तर माझे साहेब दोरीशी उभे होते आणि लोक हसत होते. एवढंच कारण होतं, याहून मोठं नव्हतं. आप्पा इथं नाहीत. त्यांचा हात गेला आहे, ते आता कुणाची आयाळ करणार नाहीत. मी त्यांची माफी मागतो. इथं मागतो, कारण इथंच बोललो होतो."